दुखरा हात मेंदूला अनोळखी होतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हाड जुळलं, जखम भरली, तरी हात किंवा पाय महिनोन्‌महिने दुखत राहतो आणि हळूहळू स्वतःचा वाटेनासा होतो, अशी तक्रार करणारी बरीच पत्रं या वेळी आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून फिजिओथेरपी आणि वेदनाशास्त्रातल्या जाणकारांनी त्यांना उत्तरं दिली आहेत. इथले व्यायाम आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवून मगच सुरू करावेत.

माझ्या सासूबाई 58 वर्षांच्या आहेत. न्हाणीघरात घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड नीट जुळलेलं दिसतं. आता चार महिने झाले. हात मधूनच लालजांभळा होतो, पदर घासला तरी त्या कळवळतात. म्हणतात, "हा हात माझा नाहीच, कुणीतरी आणून चिकटवलाय." कपाचा कान धरायचा तरी आधी हाताकडे बघावं लागतं. घरच्यांना वाटतं त्यांनी धसका घेतलाय. खरं काय आहे?
— एक वाचक, मिरज

सासूबाई जे सांगतात ते जसंच्या तसं खरं धरून चाला. त्यांच्या लक्षणांशी जुळणारा जो आजार आहे त्याला कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणतात, डॉक्टर मंडळी थोडक्यात सीआरपीएस म्हणतात. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तीन-चार पट अधिक आढळतो, पायापेक्षा हाताला अधिक होतो, आणि मनगट मोडणं हे त्याचं सगळ्यांत नेहमीचं निमित्त आहे. मूळ दुखापतीच्या मानाने वेदना कितीतरी जास्त, हीच त्याची पहिली खूण.

रक्ताच्या एखाद्या तपासणीत तो सापडत नाही. 2003 साली बुडापेस्ट इथे तज्ज्ञांनी एकत्र बसून जे निकष ठरवले, त्यांवर आज निदान होतं. त्यात लक्षणांचे चार गट आहेत. पहिला संवेदनेचा: साध्या स्पर्शानेही दुखणं, टोचणं नको तितकं जाणवणं. दुसरा त्वचेचा रंग आणि तापमान दोन्ही हातांत वेगळं असण्याचा. तिसरा सूज आणि घामाचा. चौथा हालचाल आखडण्याचा, हात थरथरण्याचा, केस, नखं, त्वचा यांची वाढ बदलण्याचा. चारांपैकी तीन गटांतली तक्रार रुग्णाने सांगितलेली असावी, दोन गटांतली खूण डॉक्टरांना तपासताना दिसावी, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळं अधिक चांगलं समजून घेता येत नसावं. सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे नेताना या चारही गटांतल्या तक्रारी कागदावर लिहून न्या. हाताचा रंग दिवसातून अनेकदा बदलतो आणि नेमका तपासणीच्या वेळी बरा असतो, म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून मोबाइलवर काढलेले फोटोही सोबत ठेवा.

आता परकेपणाबद्दल. ही तक्रार या निकषांत नाही, त्यामुळे ती सहसा कुणी विचारत नाही आणि रुग्णही वेड्यात काढतील या भीतीने बोलत नाहीत. पण सीआरपीएसमध्ये ती फार नेहमीची आहे. हात आहे त्याहून मोठा वाटतो, एखादं बोट जणू नाहीच असं वाटतं, डोळे मिटले की हात नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही, त्याच्याकडे बघवत नाही, काहींना तर तो तोडून टाकावासा वाटतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या संशोधकांनी यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली आहे. तिचा एक भाग घरी करून बघता येईल. सासूबाईंना डोळे मिटायला सांगा. आधी चांगल्या हाताचं वर्णन करू द्या: बोटं कुठे आहेत, केवढी आहेत, अंगठा कुठे वळलाय. मग तेच दुखऱ्या हाताचं. त्या सांगतील तसं तुम्ही कागदावर काढत जा, मध्ये चुका सुधारू नका. दुसऱ्या चित्रात पुष्कळदा बोटं गायब असतात किंवा पंजा सुजवून ठेवल्यासारखा येतो. हा कागद फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि महिन्याने पुन्हा काढा. सुधारणा मोजायला तो फार उपयोगी पडतो.

तोवर दोन गोष्टी पाळा. हाताची जागा मेंदूला नीट कळत नसताना विळी आणि तापलेला तवा यांपासून तो हात लांब ठेवा, कारण भाजल्या-कापल्याचं उशिरा लक्षात येतं. आणि तो हात पदराखाली झाकून, छातीशी धरून बसू देऊ नका. दिवसातून काही वेळा त्यांनी त्याच्याकडे शांतपणे बघावं, तेल किंवा क्रीम सोसवत असेल तर स्वतःच्याच दुसऱ्या हाताने हलकं लावावं. हात तोडून टाकावासा वाटतो असं त्या म्हणाल्या तर रागावू नका, ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

एमआरआय नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "दुखणं मेंदूत आहे." म्हणजे मी नाटक करतोय असंच ना? आणि इंटरनेटवर वाचलं की मेंदूतला हाताचा भाग आक्रसतो. तो परत वाढतो का?
— एक वाचक, नाशिक

नाटक मुळीच नाही. पाय मोडल्याची ताजी वेदनासुद्धा मेंदूतच तयार होते, त्याशिवाय वेदना जाणवायची दुसरी सोय शरीरात नाही. एमआरआय हाड, स्नायू, शिरा दाखवतो. मज्जातंतू किती चाळवलेले आहेत आणि मेंदू त्यांच्याकडून आलेल्या निरोपाचं काय करतो, हे त्यात दिसत नाही. शिवाय सीआरपीएसमध्ये सगळंच मेंदूत घडतं असंही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत त्या अवयवात खरोखरची दाहक प्रक्रिया चालू असते, म्हणून तर तो गरम आणि सुजलेला असतो.

मेंदूतल्या भागाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इंटरनेटवर याची फार सोपी आवृत्ती फिरते. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागेपणी शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करून, कुठे स्पर्श केला की शरीरात कुठे जाणवतं याची नोंद केली. एडविन बोल्ड्री यांच्यासोबतचा तो निबंध 1937 मध्ये आला. त्यातून शरीराचा एक नकाशा मिळाला. त्यात ओठांना आणि हाताच्या बोटांना भरपूर जागा, पाठीला अगदी थोडी, आणि हाताच्या शेजारी चेहरा.

2003 च्या सुमारास जर्मनीतल्या गटांनी दाखवलं की सीआरपीएसच्या रुग्णांत दुखऱ्या हाताचा या नकाशातला पट्टा चांगल्या हाताच्या पट्ट्यापेक्षा लहान दिसतो. त्याच काळात असंही दिसलं की अशा बोटांवर एकाच वेळी जवळजवळ टेकवलेली दोन टोकं वेगवेगळी ओळखण्याची क्षमता घटलेली असते. तिथून "मेंदूतला हात आक्रसतो" हे वाक्य रूढ झालं. पुढच्या मोजण्यांनी मात्र ते डळमळीत केलं. 2015 च्या एका अभ्यासात फरक आढळला तो चांगल्या हाताचा पट्टा मोठा असल्यामुळे, दुखऱ्याचा लहान झाल्यामुळे नव्हे. 2019 मध्ये एकेका बोटाचा बारकाईने नकाशा काढल्यावर दुखऱ्या आणि निरोगी हातांत म्हणावा तसा फरक मिळालाच नाही. त्यामुळे नकाशा आक्रसला म्हणून दुखतं, असं आज ठामपणे म्हणता येत नाही. हात मोठा वाटणं, डावं-उजवं ओळखायला वेळ लागणं, स्पर्शाची जागा चुकणं या गोष्टी मात्र रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या आहेत आणि त्या सरावाने सुधारू शकतात. उपचारासाठी आपल्याला त्यांच्याशीच काम आहे.

शरीराची जाणीव आणि हाताची अवस्था किती घट्ट बांधलेल्या आहेत याचं एक उदाहरण. ऑस्ट्रेलियातले संशोधक लोरिमर मोझली आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये रुग्णांना आपला दुखरा हात दुर्बिणीतून बघत हालवायला सांगितला. सरळ धरलेल्या दुर्बिणीतून हात मोठा दिसला तेव्हा हालचालीनंतर वेदना आणि बोटांची सूज जास्त वाढली. दुर्बीण उलटी धरून हात लहान दिसला तेव्हा दोन्ही कमी वाढली. हालचाल तीच होती. वेदना कल्पनेतली आहे असं म्हणणाऱ्याला हा प्रयोग सांगा, कारण सूज ही टेपने मोजता येते.

फिजिओथेरपिस्टने हातांचे फोटो बघून डावा की उजवा हे ओळखायला सांगितलंय. दुखणाऱ्या हाताला याने काय होणार? आणि त्याचं ॲप महाग आहे, घरी करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

फोटोतला हात डावा की उजवा हे ठरवताना मेंदू नकळत तुमचाच हात मनातल्या मनात फिरवून त्या फोटोवर बसवून बघतो. म्हणजे हात न हलवता हालचालीच्या यंत्रणेला हलका सराव मिळतो. ज्यांना नुसत्या हालचालीच्या कल्पनेनेही दुखतं आणि सूज येते, असे रुग्ण खरोखर असतात, त्यांच्यासाठी ही पहिली पायरी आहे.

ॲपची गरज नाही. घरातल्या कुणाचे तरी, किंवा तुमच्याच चांगल्या हाताचे 20 फोटो साध्या एकरंगी चादरीवर काढा. अंगठी, बांगडी, घड्याळ, मेंदी काहीही नको, नाहीतर हात न ओळखता दागिना ओळखला जातो. पंजा पालथा, उताणा, मूठ, चिमूट, पेला धरलेला, बोटं खाली केलेली, अशा वेगवेगळ्या ठेवणी घ्या. मग मोबाइलच्या एडिटमध्ये प्रत्येक फोटो आडवा फ्लिप करून वेगळा साठवा. झाले 20 डावे आणि 20 उजवे. काही फोटो 90 आणि 180 अंशांत फिरवा. छापून पत्त्यांसारखे पिसता आले तर उत्तम.

बसा, दोन्ही हात मांडीवर सैल ठेवा. एकेक फोटो बघून "डावा" किंवा "उजवा" म्हणा. सोबतच्या माणसाने चाळीस फोटोंचा एकूण वेळ आणि चुका लिहाव्यात. चाळीसपैकी 32 बरोबर, म्हणजे 80 टक्के, आणि फोटोमागे सुमारे 2 सेकंद, म्हणजे सगळे मिळून 80 सेकंदांच्या आसपास, हे ध्येय. डाव्या आणि उजव्या फोटोंच्या वेळेत आणि चुकांत फारसा फरक नसावा. सगळी उत्तरं अंदाजाने दिली तरी 20 बरोबर येतातच, म्हणून 22-23 बरोबर आले तर ओळखता येऊ लागलं असं समजू नका.

नेहमी चुकतं ते असं. माणूस स्वतःचा हात फिरवून बघतो, मग मनातली हालचाल होतच नाही. किंवा त्याच क्रमाने फोटो बघून उत्तरं पाठ होतात. किंवा एका बैठकीत दोनशे फोटो बघून संध्याकाळी हात ठणकतो. एका वेळी चाळीसच, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर तीन-चार दिवसांनी नवे फोटो. वेळ आणि अचूकता किमान आठवडाभर स्थिर राहिली की पुढची पायरी: त्याच फोटोतल्या ठेवणीत आपला दुखरा हात सावकाश, न दुखता नेतोय अशी कल्पना करणं. कल्पनेतही दुखलं तर सोप्या ठेवणी घ्या. त्यानंतर आरसा.

हा क्रम मोझली यांनी 2004 मध्ये मनगट मोडल्यानंतरच्या जुन्या सीआरपीएसवर तपासला, प्रत्येक पायरी दोन आठवडे. पुढच्याच वर्षी त्यांनी पायऱ्यांची उलटापालट करून बघितली, तेव्हा ओळख, कल्पना, आरसा या क्रमानेच सर्वांत चांगला परिणाम दिसला. मात्र 2012 मध्ये इंग्लंडमधल्या दोन केंद्रांनी रोजच्या दवाखान्यात हीच पद्धत वापरली, तेव्हा वेदना कमी झालेली आढळली नाही. मूळ अभ्यासात रुग्ण जागेपणी दर तासाला सराव करत होते, हे विसरून चालणार नाही. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन केलेल्या सरावाकडून फार अपेक्षा ठेवू नका. हे काम घरी, थोडं थोडं आणि रोज करायचं आहे.

आरशाचा उपचार करायचाय. आरसा केवढा, कसा ठेवायचा? एकदा करून बघितलं तर मळमळलं, घाम फुटला.
— एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही बहुधा पहिल्याच दिवशी हालचालीला सुरुवात केलीत. पत्रात लिहिलेली मळमळ, घाम, चक्कर, हात विचित्र वाटणं या सगळ्यामागे एकच कारण असतं: डोळ्यांना दिसणारा हात आणि आतून जाणवणारा हात यांचा मेळ बसत नाही. सुरुवात यापेक्षा पुष्कळ खालून करावी लागते.

हातासाठी 45 बाय 60 सेंटिमीटरचा सपाट आरसा पुरतो. काचवाल्याकडून कापून घेताना कडा घासून घ्या आणि त्यावर चिकटपट्टी लावा. ॲक्रिलिकचा आरसा हलका आणि फुटत नाही, पण पातळ घेतला तर वाकतो आणि प्रतिमा वेडीवाकडी दिसते. ती आपल्याला मुळीच नको आहे. जाड घ्या किंवा मागे प्लायवूड लावून घ्या. मागे दोन जाड पुस्तकं टेकवून आरसा घट्ट उभा करा.

टेबलाशी सरळ बसा. आरशाची कड छातीच्या मधोमध यावी, काच चांगल्या हाताच्या बाजूला. दुखरा हात आरशामागे पूर्ण झाकला जाईल असा, त्याला सर्वांत आरामाच्या ठेवणीत ठेवा. मग चांगला हात हुबेहूब त्याच ठेवणीत आणा. हे बहुतेक जण उलटं करतात, दुखरा हात ओढूनताणून चांगल्यासारखा ठेवतात, आणि तिथेच सराव बिघडतो. आता आरशात बघा. दुखऱ्या हाताच्या जागी धडधाकट हात दिसायला हवा.

चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा धागा काढा. नेलपॉलिश आणि मेंदीही नको. दुखऱ्या हातात जे नाही ते आरशात दिसलं की "हा माझा नाही" असं मेंदू लगेच ठरवतो. बांगड्या काढणं मनाला पटत नसेल तर दोन्ही हातांवर एकाच कापडाची लांब बाही घाला. सुजलेल्या हातात बांगड्या चढवून जोडी जुळवू नका, सूज वाढली की त्या रुततात.

पहिले तीन-चार दिवस फक्त बघायचं. कोणताच हात हलवायचा नाही. एक ते दोन मिनिटं, दिवसातून चार-सहा वेळा. प्रतिमेतला हात आपलाच असल्यासारखा वाटू लागला की चांगल्या हाताने सावकाश हालचाल सुरू करा: बोटं पसरणं, मिटणं, पंजा उताणा-पालथा. दुखरा हात स्थिरच ठेवा. त्याने दुखलं नाही तर मग दोन्ही हात एकदम, पण दुखरा हात जेवढा न दुखता येईल तेवढाच, बाकीची हालचाल आरशातला हात पुरी करेल. प्रत्येक हालचाल दहा वेळा, पाच मिनिटांच्या वर नाही. टीव्ही बंद, गप्पा बंद. लक्ष सुटलं की हे नुसतं हात हलवणं उरतं.

मळमळ सुरू झाली की आरशातून नजर काढून थेट चांगल्या हाताकडे बघा, उठून पाणी प्या. पुढच्या वेळी अर्धाच वेळ करा. दोन-तीन दिवस कमी करूनही त्रास होत राहिला तर आरसा बाजूला ठेवून फोटोंच्या पायरीवर परत जा. त्यात काही वाया गेलं असं समजू नका. दोन्ही हात आजारी असतील तर आरसा उपयोगाचा नाही.

काळाचा मुद्दाही आहे. बाथमधल्या 2003 च्या छोट्या अभ्यासात सीआरपीएस सुरू होऊन आठ आठवड्यांच्या आतल्या रुग्णांना आरशाने चांगला आराम पडला, पण दोन वर्षांहून जुन्या दुखण्यात वेदना कमी झाली नाही. जुन्या दुखण्यात नुसत्या आरशापासून सुरुवात न करता आधीच्या दोन पायऱ्या घ्याव्यात, ते यामुळेच.

स्पर्श सोसावा म्हणून रोज तांदळात हात घालते, कापूस फिरवते, ब्रश फिरवते. तीन महिने झाले, फारसा फरक नाही.
— एक वाचक, लातूर

कापूस-तांदूळ टाकून देऊ नका, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. तुम्ही स्पर्श सोसता, ओळखत नाही. 2008 मध्ये सीआरपीएसच्या रुग्णांवर हाच फरक तपासला गेला. नुसता स्पर्श केला तेव्हा काही बदललं नाही. तोच स्पर्श कुठे झाला आणि कशाने झाला हे रुग्णाने ओळखायचं ठरलं, तेव्हा वेदना कमी झाली, बोटांची स्पर्श ओळखण्याची क्षमता वाढली, आणि तीन महिन्यांनीही फायदा टिकला होता.

करायचं असं. दुखऱ्या भागावर बॉलपेनने पाच ठिपके काढा, त्यांना 1 ते 5 आकडे द्या. त्या हाताचा फोटो काढून त्यावरही तेच आकडे घाला आणि फोटो समोर ठेवा. दोन बोथट वस्तू घ्या: एक बाटलीचं बूच, एक बॉलपेनच्या टोपणाचं टोक. तुम्ही हाताकडे बघायचं नाही. घरातल्या कुणीतरी आकड्यांचा क्रम उलटसुलट बदलत एकेका ठिपक्याला एकेक वस्तू टेकवायची, त्वचा जरा दबेल इतकीच, आणि उचलायची. तुम्ही सांगायचं: "तीन, बूच." चूक झाली तर त्यांनी बरोबर उत्तर सांगून तोच स्पर्श पुन्हा द्यायचा. दोन स्पर्शांमध्ये 15 सेकंद. 24 स्पर्शांची एक फेरी, म्हणजे सहा मिनिटं. मध्ये तीन मिनिटं विसावा, अशा तीन फेऱ्या, रोज.

फेरीत 24 पैकी 20-21 बरोबर येऊ लागले की ठिपके जवळ आणा किंवा दोन्ही वस्तू जवळजवळ सारख्या घ्या. सगळंच बरोबर येत असेल तर काम फार सोपं झालंय, अर्ध्याहून जास्त चुकत असेल तर फार अवघड. स्पर्शच सोसत नसेल तर ज्या रेषेपाशी वेदना सुरू होते त्याच्या बाहेरच्या कातडीवर, कोपराकडच्या बाजूला सुरुवात करा आणि काही दिवसांनी एक-एक बोटभर खाली या.

प्रगती मोजायची तर केसांच्या यू-पिनचं टोक टोचत नाही याची खात्री करून, तिचे दोन पाय पट्टीवर मोजून पसरा आणि बोटाच्या पेरावर दोन्ही टोकं एकदम टेकवा. निरोगी बोटाच्या टोकाला 2 ते 4 मिलिमीटर अंतरावरची दोन टोकं वेगळी कळतात, तळहातावर साधारण 10. तुमच्याच दुसऱ्या हाताशी तुलना करा, वयाप्रमाणे आकडे बदलतात. अधूनमधून एकच टोक टेकवा, नाहीतर माणूस सवयीने "दोन" म्हणत राहतो.

वडिलांचा डावा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढला. नसलेल्या पायाची बोटं मुडपल्यासारखी ठणकतात. आजूबाजूचे लोक म्हणतात, मन रमवा.
— एक वाचक, सोलापूर

नसलेल्या अवयवाची वेदना अवयव काढलेल्या बहुसंख्य लोकांना कमी-जास्त होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणारे सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं होतं. मन रमवून ती जात नाही.

आधी बुंध्याची, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या टोकाची, तपासणी करून घ्या. टोकाशी कापलेल्या मज्जातंतूची गाठ झाली आहे का, त्वचा लाल किंवा ओली आहे का, कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे बुंधा ज्यात बसतो तो भाग, कुठे रुततोय का. सूज उतरली की बुंधा बारीक होतो आणि पूर्वी नीट बसणारा सॉकेट सैल पडतो. तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो, जयपूर फूट असला तरीही. या साध्या कारणांनी वाढलेली वेदना आरशाने कमी होणार नाही.

आरशाची कल्पना मूळ याच दुखण्यासाठी आली. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम केलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात ती मांडली. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला 2007 चा अभ्यास छोटा असला तरी स्पष्ट होता: पाय गमावलेले 18 जण सहा-सहाच्या तीन गटांत, रोज 15 मिनिटं, चार आठवडे. आरशात बघणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशासमोर तोच सराव करणाऱ्या सहांपैकी फक्त एकाची झाली. वडिलांना पलंगावर पाय लांब करून, पाठीला उशी देऊन बसवा. साधारण 120 बाय 40 सेंटिमीटरचा ॲक्रिलिक आरसा दोन्ही पायांच्या मधे उभा धरा, काच चांगल्या पायाकडे. चांगल्या पायाची बोटं सावकाश मिटायची आणि उघडायची, त्याच वेळी नसलेल्या पायाची मुडपलेली बोटंही उघडताहेत असं मनात आणायचं. वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेले बाकीचे नियम इथेही लागू. मधुमेह आहे, तेव्हा आरशाची कड चांगल्या पायाला घासणार नाही याची फार काळजी घ्या. त्या चांगल्या पायाचा तळवा आणि बोटांच्या बेचक्या रोज संध्याकाळी उजेडात तपासा.

गुडघ्याच्या संधिवातातही असं होतं का? माझा गुडघा मला फुटबॉलएवढा वाटतो, डॉक्टर म्हणतात सूज नाही.
— एक वाचक, पणजी

होतं, सीआरपीएसइतकं तीव्र नसलं तरी. गुडघ्याच्या संधिवातात पायांचे फोटो बघून डावं-उजवं ओळखताना चुका वाढतात असं मोजलं गेलं आहे. पण तुमच्यासाठी पहिला उपचार बदलत नाही: मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, चालणं, वजन आटोक्यात ठेवणं. त्याच्या जोडीला लातूरच्या वाचकांना सांगितलेला स्पर्श ओळखण्याचा सराव गुडघ्याभोवती करायला हरकत नाही. तिथे ठिपके चार-पाच सेंटिमीटर अंतरावर घ्या, बोटांइतकी बारीक ओळख गुडघ्याच्या कातडीला मुळातच नसते.

सुजलेल्या दुखऱ्या हाताला बर्फ लावावा का? आणि जोरात मालिश?
— एक वाचक, जळगाव

सीआरपीएसमध्ये बर्फ नको. गरम-थंड पाण्यात आलटून पालटून हात बुडवणंही नको. जोराचं मालिश आणि हाडवैद्याकडून हात ओढून घेणं तर मुळीच नको, त्याने वेदना आणि सूज दोन्ही भडकतात. कोमट पाण्यात बोटं स्वतः हलवणं चालेल.

आईचं मनगट गेल्या आठवड्यात मोडलं, प्लास्टर घातलंय. हे सगळं टाळण्यासाठी आत्ताच काय करावं?
— एक वाचक, पुणे

निरोगी माणसाचा हातसुद्धा काही आठवडे बांधून ठेवला तर बोटांची स्पर्श ओळखण्याची क्षमता घटते, म्हणून जे मोकळं आहे ते वापरत राहायचं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जागेपणी दर तासाला दहा वेळा सगळी बोटं पूर्ण उघडायची आणि मिटायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, कोपर आणि खांदा पूर्ण फिरवायचा. झोळीत हात दिवसभर लटकवून ठेवू नका, खांदा आखडतो. बसल्यावर उशीवर हात छातीच्या उंचीला ठेवा. प्लास्टरच्या बाहेरच्या बोटांनी शेंगदाणा, वाटाणा, बटण, नाणं न बघता ओळखायचा खेळ दिवसातून दोन-तीनदा खेळा. त्या वस्तू जड नसाव्यात, पकडताना मनगटावर जोर येऊ नये. क जीवनसत्त्वाबद्दल अनेकजण विचारतात. रोज 500 मिलिग्रॅम, 50 दिवस, असा डोस काही अभ्यासांत उपयोगी ठरला, नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात ठरला नाही. मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्लास्टरच्या आत दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत चाललं, प्लास्टर घट्ट वाटतं, बोटं सुजतात, किंवा पहिल्या आठवड्यांतच वेदना सतत तीव्र राहते, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोट हलकेच सरळ केल्यावर असह्य कळ आली, तर रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात जा. तिथे पोचेपर्यंत हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, त्याहून उंच नाही.